वरच्या काकांचा कान

आमच्या वरच्या काकांना कोणी "बरं" म्हटलं की ते थांबून विचारत, "कुठलं बरं?"

माणूस नवा असला तर गडबडून जायचा. "बरं म्हणजे... बरं." मग काका समजुतीच्या सुरात सांगत, "तसं नव्हे. एक बरं असतं ते ऐकलं म्हणून. एक असतं ते आता पुरे म्हणून. आणि एक असतं ते बघून घेईन म्हणून. तुमचं मला तिसरं वाटलं, म्हणून विचारलं." आणि खरोखर ते तिसरंच असायचं. त्यामुळे काकांशी बोलायला माणसं जरा बिचकत. माझे बाबा बँकेत भल्याभल्या साहेबांशी वाद घालून येत, पण काकांसमोर शक्यतो मान हलवून काम भागवत.

बालीगंजला ट्रामच्या रस्त्यापासून आत, एका गल्लीत आमचं घर होतं. खाली बंगाली घरमालक, मधल्या मजल्यावर आम्ही आणि वर काका-काकू. वर राहतात म्हणून वरचे काका. त्यांचं खरं नाव पोस्टमनला आणि ऑफिसला ठाऊक असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. मूळचे ते नागपूरचे. रेल्वेतल्या नोकरीपायी कलकत्त्याला आले आणि रोज दोन बसगाड्या बदलून गार्डन रीचच्या ऑफिसात जात. ठेंगणे, गोरे, डोक्यावर एक केस नाही, कानांवर मात्र भरपूर. काकू म्हणत, "देवानं खत चुकीच्या जागी घातलं."

काका बोलणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. डोळे मिटून घेत, नाहीतर सरळ भिंतीकडे तोंड करून बसत. घरमालकांचा पहिलं वर्षभर असा समज होता की हे गृहस्थ आपल्यावर रागावलेले आहेत. बाबांनी एकदा कारण विचारलं तेव्हा काका म्हणाले, "चेहरा मध्ये येतो हो. चेहऱ्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, पाहुणे आले की हस, फोटो काढताना हस. आवाजाला कोणी शिकवलंय?"

हे वेड त्यांना नोकरीनं लावलं होतं. ऑफिसात त्यांचं काम टेलिफोनवर बसून लांबलांबच्या स्टेशनांची खबर घेण्याचं. गाडी कुठवर आली, रूळ मोकळा आहे का, असलं. तारेवर खरखर इतकी की शब्द निम्मे वाटेतच गळून जात, सूर तेवढा पोचायचा. वीसेक वर्षं काकांनी त्या सुरांवर गाड्या चालवल्या. जंगलातल्या कुठल्याशा लहान स्टेशनवरचा मास्तर एकदा दर तासाला "सब ठीक है" असं सांगत होता. चौथ्या वेळी काकांनी शेजारच्या स्टेशनला कळवलं की तिकडे दुसरा माणूस पाठवा, आधीचा आजारी आहे. माणूस गेला तर मास्तर अंगावर दोन कांबळी घेऊन खुर्चीत कुडकुडत बसलेला, अंगात सणसणून ताप. "त्याचं 'ठीक' थरथरत होतं," काका म्हणाले. "शब्द बिचारा काय करील. त्याला जे म्हणायला लावतील ते तो म्हणतो."

काकू अगदी कमी बोलत. काकांना हाक मारायची तर "अहो", एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. स्वयंपाकघरातून "अहो" आलं की काका गच्चीवरूनच उत्तर देत, "कपाटाच्या वरच्या खणात." पुन्हा "अहो". "मी नाही सांडलं, मांजर आलं होतं." तिसऱ्यांदा "अहो". "आलो, आलो." मी लहानपणी एका वहीत काकूंचे "अहो" मोजायला घेतले होते. एकोणीसपर्यंत गेले आणि नाद सोडला, कारण विसावं आधीच्या सातव्यासारखं वाटत होतं आणि काका म्हणत होते की त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

इतकी वर्षं कलकत्त्यात काढून काकांना बंगाली आलं नाही. त्यांच्याजवळ एकच शब्द होता, "आच्छा". तेवढ्यावर ते बाजारहाट करत. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले होते. वांगी घेता घेता भाजीवाल्यानं काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि पाच-दहा मिनिटं तो सांगतच राहिला. काका वांग्यांकडे बघत मधून मधून "आच्छा" म्हणत होते. एकदा आश्चर्याचं, एकदा काळजीचं, शेवटी एक अगदी खाली उतरलेलं. भाजीवाल्यानं गमछ्यानं डोळे पुसले आणि न मागता मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. परत येताना मी विचारलं, "काका, तुम्हाला काय कळलं?"

"शब्द एकही नाही. पण कोणीतरी मागे राहिलंय त्याचं."

मला बंगाली येत होतं, मी सगळं ऐकलं होतं. फाळणीनंतर तो बायकामुलांना घेऊन इकडे आला होता आणि म्हातारा बाप घर सोडायला तयार नव्हता, तो तिकडेच राहिला होता.

पत्र लिहिणं मात्र काकांना जमायचं नाही. कागदावर सूर कुठून आणायचा? मग त्यांनी स्वतःचा उपाय काढला. शब्दांच्या डोक्यावर ते रेघा काढत. चढती रेघ, उतरती रेघ, नागमोडी रेघ. नागपूरला रजेवर गेले की बाबांना त्यांचं पत्र यायचं. "आम्ही सुखरूप पोचलो", त्यावर उतरती रेघ. "सासूबाईंची तब्येत उत्तम आहे", त्यावर नागमोडी. बाबा पत्र वाचताना मान वर-खाली करत आणि आई तोंडाला पदर लावून हसत असे.

माझ्या मराठीची काका फार थट्टा करत. मी कलकत्त्यातच जन्मले. घरात मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी. त्यामुळे माझ्या मराठीला बंगाली हेल होता, वाक्यातलं शेवटचं अक्षर माझ्या तोंडून लवकर सुटत नसे. "काका, चहा घेताऽ?" असं मी विचारलं की ते म्हणत, "पोरी, चहाला बोलावते आहेस की चहा संपला म्हणून रडते आहेस?" नागपूरचे, पुण्याचे पाहुणे आले की मी वाक्यं तोडून तोडून, सांभाळून बोलत असे. पाहुणे गेले की जबडा दुखायचा.

आता ज्याच्यामुळे काकांचं नाव झालं त्या गोष्टीकडे येते.

त्या काळी कलकत्त्यात मराठी घरं मोजकीच होती. लग्नाची मुलगी असली की तिला बघायला माणसं कुठून कुठून येत. पोहे व्हायचे, संदेशाची बंगाली मिठाई व्हायची, मुलगी चार प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि निघताना मुलाकडची माणसं म्हणायची, "कळवतो." त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मुलीच्या घराचे त्या एका शब्दावर जात. कळवतो म्हणजे होकार की नकार? ते कसं म्हणाले? हसून म्हणाले की नुसतेच? आया रात्रंदिवस तो शब्द चावत बसायच्या.

एकदा ओळखीच्या एका मास्तरांकडे असा कार्यक्रम होता आणि काका छत्री परत करायला गेले असताना जिन्यातच अडकले. पाहुणे निघत होते. मुलाच्या वडिलांनी मुलीचं कौतुक केलं, घराचं केलं, तीनदा पोहे घेतले होते त्यांचंही केलं आणि चपला घालता घालता म्हणाले, "कळवतो हं, अगदी लवकर." पाहुणे गेल्यावर काकांनी छत्री दिली आणि म्हणाले, "नाही." पंधरा दिवसांनी कार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. पुढच्या खेपेला मास्तरांनी काकांना मुद्दाम बोलावून घेतलं. या वेळी एक तिरसट म्हातारे आले, त्यांना उपास होता, कशाला हात लावला नाही, हसले नाहीत. दाराशी काठी शोधताना खोकल्यासारखं "कळवतो" म्हणाले आणि गेले. मास्तरीणबाई रडायच्या बेतात होत्या. काका जिन्यातून आत येत म्हणाले, "रवा भाजायला घ्या." आणि खरंच, आठव्या दिवशी होकार.

मग काय, घरोघरून बोलावणी येऊ लागली. काकांच्या अटी होत्या. ते खोलीत बसणार नाहीत, जिन्यात उभे राहणार. पाहुणे निघताना कपबशा वाजवायच्या नाहीत. आणि मुलीच्या वडिलांनी आपलं "हो हो, या हं" त्यांच्या वाक्यावर सांडायचं नाही. "आतलं सगळं नाटक," काका म्हणत. "खरं वाक्य दाराशी, चपला घालताना. माणसाचं लक्ष अंगठ्यात असतं, तोंडावर पहारा नसतो." सहा-सात घरं झाली, काका एकदाही चुकले नाहीत. कलकत्त्यातली मराठी माणसं पत्राची वाट बघेनाशी झाली. काका जिन्यातून आत आले की निकाल.

आणि मग माझी पाळी आली.

स्वराज्य येऊन तीनेक वर्षं झाली होती. मी बी.ए. होऊन एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. नागपूरच्या एका घरानं मला आदल्या दिवाळीत पाहिलं होतं आणि पसंत असल्याचं पत्र पाठवलं होतं. माणसं चांगली होती. मुलगाही चांगला असणार, त्याच्याशी माझं एकही वाक्य झालं नव्हतं. त्यांचं दुसरं पत्र आलं, काय ते नक्की कळवा म्हणून. तेवढ्यात कोणीतरी डमडमचं स्थळ सुचवलं. कलकत्त्यातच जन्मलेला मराठी मुलगा, वडील वारलेले, घरात आई आणि तो. विमानतळावर हवामान टिपण्याच्या कामावर होता. बाबा म्हणाले, एवढं बघून घेऊ, मग नागपूरला लिहू.

शनिवारी दुपारी मायलेक आले. काका ठरल्याप्रमाणे वरच्या जिन्यात जाऊन उभे राहिले. इकडचं तिकडचं झाल्यावर मुलानं मला विचारलं, "तुमच्या या जानल्यातून दक्षिणेकडचं आकाश दिसतं का?" त्याची आई पटकन म्हणाली, "खिडकी म्हण, खिडकी." तो लाजला. मला हसू आवरेना. मीसुद्धा घरात खिडकीला जानलाच म्हणत असे आणि बाबा रागवत. मग मी म्हटलं, "गच्चीवरून चांगलं दिसतं," आणि माझ्या लक्षात आलं की ते मी तोडून, सांभाळून म्हटलंच नव्हतं. शेवटचं अक्षर हवं तेवढं लांबलं होतं. त्याचंही लांबत होतं. पाहुण्यांसमोर मराठी बोलून माझा जबडा दुखला नाही अशी ती पहिलीच वेळ. मला तो आवडला, हे आता या वयात सांगायला काय लाजायचं?

निघताना आपल्या आईला चप्पल पुढे करून तो म्हणाला, "बरं तर, आम्ही कळवतो."

पाहुणे गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर काका खाली आले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "नाही."

"नक्की?" बाबांनी विचारलं.

"शेवटचा 'तो' केवढा ओढला. ज्याच्या मनात असतं तो शब्द आटोपता घेतो. हा दार लावून घेत होता."

"मग सोमवारी नागपूरला होकार लिहून टाकतो," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "बरं." कोणी माझ्याकडे बघितलं नाही. बघायचं कारणच काय होतं? स्थळ आलं, गेलं, दुसरं तयार होतं. मी कपबशा घेऊन आत गेले आणि एकच बशी कितीतरी वेळ विसळत उभी राहिले.

रात्रभर तो शब्द माझ्या कानात होता आणि सकाळी मी वर गेले. रविवार होता. काका गच्चीवर गाद्यांना ऊन दाखवत होते. मी सरळ म्हटलं, "काका, तुम्ही चुकलात."

असं त्यांना कोणी म्हटलं नसावं. त्यांनी हातातली काठी खाली ठेवली.

"तुम्ही नागपूरच्या कानानं ऐकलंत," मी म्हटलं. "इथं जन्मलेल्यांचं शेवटचं अक्षर लांबतंच. होकार असला तरी लांबतं, नकार असला तरी लांबतं. तुम्ही मला चहावरून चिडवता ना? मग त्याचंही तसंच आहे. त्या ओढण्यात काही नव्हतं."

काका गादीच्या कडेवर बसले आणि डोळे मिटले. "कसा म्हणाला? म्हणून दाखव."

"बरं तर, आम्ही कळवतो."

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. काकू ओले हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्याच्या मनात काय होतं ते आता मला सांगता येणार नाही. जिन्यात ऐकलेलं पुसलं गेलं, आता तुझंच ऐकू येतंय. आणि तुझं म्हणशील तर ते सरळ सरळ होकार आहे."

मला एकदम रडू आलं. चार शब्द दुसऱ्याचे, आणि त्यांतून हे मेलं माझं गुपित बाहेर पडलं.

"हे खाली ठाऊक आहे?" काकांनी विचारलं.

"कोणी विचारलंच नाही."

काकू दारातून म्हणाल्या, "अहो." ते माझ्या वहीतल्या एकोणिसांपैकी कुठलंच नव्हतं. काका उठले, सदरा घातला आणि जिना उतरू लागले.

बाबा दाढी करत होते. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी चुकलो."

बाबांच्या हातातला वस्तरा थांबला. "तुम्ही? म्हणजे, होकार आहे?"

"ते मला माहीत नाही. मला कळलं नाही, एवढंच खरं आहे."

"मग मी आता काय करायचं?"

"थांबायचं. मी डमडमला जाऊन येतो."

मुलीकडच्यांनी असं विचारायला जायची रीत नव्हती. बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, आपण गळ्यात पडतो आहोत असं वाटेल. काका म्हणाले, "तुम्ही नाही जात, मी जातोय. मी तुमचा कोण? वरचा." आणि छत्री घेऊन निघाले.

तिकडे काय झालं ते मला पुढे ह्यांनी सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे अजून ते नक्कल करून सांगतात. काका गेले, नमस्कार केला आणि खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसले. ह्यांच्या आईंना वाटलं, कोणीतरी वेडा आला. काकांनी भिंतीला विचारलं, "काल दाराशी तुम्ही कळवतो म्हणालात, ते कुठलं?"

"कुठलं म्हणजे?" हे म्हणाले. "कळवतो म्हणजे कळवतो. घरी जाऊन आईशी बोलतो आणि पत्र लिहितो. लिहिलंसुद्धा. उद्या टाकणार होतो."

"पुन्हा म्हणा."

ह्यांनी पुन्हा म्हटलं. मग काकांनी खुर्ची फिरवली आणि ह्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं. ह्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही, पण मला ऐकताना काटा आला. शेजाराच्या चौदा वर्षांत काकांनी माझ्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं.

"ह्यात काहीच नाही," काका पुटपुटले. "शब्दात आहे तेवढंच आहे."

बिचाऱ्या ह्यांना मराठी फक्त आईकडून मिळालेलं. मुली बघायला जाण्याची ही पहिलीच वेळ. कळवतो या शब्दाच्या पोटात एवढं सगळं साठवलेलं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. काकांनी ते पत्र मागून घेतलं. पाकीट चिकटवलेलं होतं. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांनी सांगितलंही असतं.

काका चुकले ही बातमी आठवड्याभरात बालीगंजपासून डमडमपर्यंत झाली. फोडणारे आमचेच बाबा. काहीजण म्हणाले, वय झालं. ज्यांच्या मुलींच्या वेळी काकांनी आधी "नाही" म्हणून सांगितलं होतं त्यांतल्या एक बाई तर, तेव्हाही चुकलेच असतील, असं म्हणू लागल्या. बोलावणी हळूहळू थांबली. काकांना त्याचं काही वाटलेलं मला दिसलं नाही. रविवार मोकळे झाले म्हणत आणि गच्चीवर मिरच्यांची रोपं लावत. डमडमच्या जावयाची मात्र त्यांना मोठी मौज वाटे. हे आले की त्यांना मुद्दाम काहीतरी बोलायला लावत, डोळे मिटून ऐकत आणि काकूंना सांगत, "बघ, ह्याच्या बोलण्यात तळघरच नाही."

पण मला आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. दिवे लागायच्या सुमाराला काका परत आले. चालून चालून चपलांवर धूळ बसली होती. आई-बाबा बैठकीच्या खोलीत होते, टेबलावर नागपूरचं पत्र आणि कोरा कागद तयार होता. मी दाराशी. काकूही वरून खाली येऊन उभ्या राहिल्या. काकांनी खिशातून पाकीट काढलं. बाबांनी हात पुढे केला. काकांनी पाकीट दिलं नाही.

"आधी हिला विचारा."

"काय विचारू?"

"तिला काय हवंय ते. डमडम की नागपूर."

"अहो, पण आत नकार असला तर?"

"असला तर असला. तरीही विचारा. उद्या नागपूरला जे पत्र जाईल त्यात तुमची सही असेल, पण जायचं तिला आहे."

बाबा कधी गोंधळत नसत. त्या दिवशी गोंधळले. एकदा आईकडे बघितलं, एकदा त्या कोऱ्या कागदाकडे, आणि मग घसा साफ करून म्हणाले, "काय गं... म्हणजे, हे डमडमचं जे आहे... तुला?"

पुढचा शब्द त्यांना सापडला नाही. मी म्हटलं, "हो."

फार हळू आलं ते. शेवटी लांबलंही असेल, मला आठवत नाही.  आईनं काकांकडे बघितलं, बाबांनी काकांकडे बघितलं, काकूंनीसुद्धा. हे हो कसलं, मनापासूनचं की हट्टाचं की घाबरून म्हटलेलं, ते काका सांगणार म्हणून सगळे थांबले होते.

काकांनी डोळे उघडले.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "तिनं हो म्हटलंय."

आणि पाकीट त्यांनी बाबांच्या हातात न देता माझ्या हातात दिलं.